वर्गणीवर न चालणारी पेठ

सणासुदीच्या एका शनिवारी पेठेत गर्दी जमवणे सोपे आहे. उरलेले सगळे दिवस ती झाडलेली, उजळलेली आणि दुकानांनी भरलेली ठेवायची तर त्याचा खर्च कोणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या लहान शहरांनी त्याचे दिलेले उत्तर पारखून घेण्याजोगे आहे.

थँक्सगिव्हिंगचा गुरुवार घरी जेवणात गेला की अमेरिकेतला ग्राहक खरेदीला बाहेर पडतो. त्यानंतरचा शुक्रवार मॉल आणि साखळी दुकानांचा, तर सोमवार ऑनलाइन विक्रेत्यांचा. मधला शनिवार छोट्या दुकानदारांच्या नावे केलेला आहे. ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ ही टूम २०१० मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस या क्रेडिट कार्ड कंपनीने काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकी सिनेटने तिला पाठिंबा देणारा ठराव केला आणि अध्यक्ष ओबामा त्या दिवशी मुलींना घेऊन पुस्तकांच्या छोट्या दुकानात दिसू लागले. कार्डावरच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदाराकडून कमिशन घेणाऱ्या कंपनीने त्याच दुकानदाराचा कैवार घ्यावा, यातली गंमत त्या दुकानदारांना कळली नसेल असे नाही. पण गिऱ्हाईक दारात उभे असताना तक्रार कोण करील?

आमचा प्रश्न शनिवारचा नाही, त्यानंतरच्या मंगळवारचा आहे. लहान शहराच्या मध्यवर्ती पेठेत त्या दिवशी पदपथावरचा बर्फ कोण काढतो? बंद पडलेल्या दिव्याची तक्रार कोण करतो? सहा महिने रिकाम्या असलेल्या गाळ्यासाठी नवा भाडेकरू कोण शोधतो? यातले एकही काम कुठल्या एका दुकानदाराचे नाही आणि यातले एक जरी राहिले तरी फटका सगळ्यांना बसतो. गेल्या अर्धशतकात उत्तर अमेरिकेतल्या शहरांनी या कामांसाठी जी व्यवस्था उभी केली तिचे नाव बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट. आपण तिला बाजार सुधार क्षेत्र म्हणू.

या व्यवस्थेची गरज का पडली हे आधी पाहायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हमरस्ते झाले, मध्यमवर्ग उपनगरांत राहायला गेला आणि त्याच्या मागोमाग दुकानेही गेली. शहराबाहेरच्या मॉलमध्ये गाडी फुकट लावता येत होती, छप्पर होते, हिवाळ्यात ऊब होती. पण मॉलचे खरे बळ याहून वेगळ्या गोष्टीत होते. मॉलला मालक एक असतो. कोणते दुकान कोणाशेजारी बसवायचे, सगळ्यांनी किती वाजता उघडायचे, जाहिरात कधी करायची, हे तो एकटा ठरवतो आणि सामाईक जागेच्या देखभालीचा खर्च प्रत्येक गाळेधारकाकडून भाड्याबरोबर वसूल करतो. जुन्या पेठेत शंभर इमारतींना ऐंशी मालक. त्यांतले काही परगावी, काही वारसाहक्काच्या वादात, काही नुसते हट्टी. पेठ मॉलशी स्पर्धा करीत होती ती शंभर तोंडांनी आणि एकही हात न हलवता.

मग दुकानदारांनी एकत्र येऊन पैसे काढावेत, असे कोणीही सुचवील. तसे केले तर काय होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही व्यापारी संघाच्या सेक्रेटरीला सांगायला नको. दिवाळीच्या रोषणाईसाठी वर्गणी काढायचे ठरते. शंभरांतले साठ जण देतात, वीस जण ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात आणि उरलेले वीस जण दुसऱ्याच्या पैशाने लागलेल्या दिव्यांखाली बिनदिक्कत माल विकतात. रस्त्यावरचा दिवा वर्गणी न देणाऱ्याच्या दुकानासमोर विझवता येत नाही. पुढच्या वर्षी देणाऱ्या साठांतले वीस शहाणे होतात, तिसऱ्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन हिंडायला माणूस मिळत नाही. यात कोणी वाईट असतो असे नाही. सामाईक सुखाचा खर्च ऐच्छिक ठेवला की हिशेब असाच लागतो.

टोरंटोच्या पश्चिम भागातल्या ब्लोअर स्ट्रीटवरच्या दुकानदारांना १९६०च्या दशकात हेच अनुभवावे लागले. १९६४ मध्ये शहरात यॉर्कडेल हा अवाढव्य मॉल उघडला. १९६६ मध्ये ब्लोअर स्ट्रीटखालून भुयारी रेल्वे सुरू झाली आणि काल-परवापर्यंत ट्राममधून दुकानांच्या काचा पाहत जाणारे गिऱ्हाईक जमिनीखालून जाऊ लागले. वर्गणीने भागेना, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी शहराकडे एक चमत्कारिक मागणी केली : आमच्यावर कर बसवा. मात्र तो सगळ्यांवर बसवा, तुम्ही वसूल करा आणि आमच्याच रस्त्यावर खर्च करायला आम्हाला परत द्या. ऑन्टारिओ प्रांताने कायद्यात तशी सोय केली आणि १९७० मध्ये ब्लोअर वेस्ट व्हिलेज हे जगातले पहिले बाजार सुधार क्षेत्र झाले. व्यापारी आपणहून कर मागतात, हे दृश्य तेव्हाही दुर्मीळ होते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सने १९७० च्या दशकाच्या मध्याला हा मार्ग धरला. ब्रिटनने २००३ च्या कायद्याने त्याला जागा दिली आणि २००५ मध्ये लंडनमधल्या किंग्स्टनमध्ये पहिले क्षेत्र सुरू झाले. आज टोरंटोत ऐंशीहून अधिक, न्यूयॉर्क शहरात पंचाहत्तरच्या आसपास आणि ब्रिटनमध्ये तीनशेहून अधिक क्षेत्रे आहेत.

व्यवस्था कशी चालते हे न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात स्पष्ट दिसते. नगरपालिका क्षेत्राची हद्द, कामे आणि खर्च यांचा आराखडा जाहीर करते, मग जनसुनावणी होते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत मालकांपैकी ५१ टक्क्यांनी, किंवा मालमत्तेच्या मूल्याने ५१ टक्के भरतील इतक्यांनी लेखी हरकत घेतली, तर क्षेत्र होऊ शकत नाही. झाले, तर हद्दीतल्या प्रत्येक मालमत्तेवर जादा आकार बसतो. तो नगरपालिका आपल्या कराबरोबर वसूल करते आणि जसाच्या तसा क्षेत्राच्या ना-नफा संस्थेच्या हवाली करते. हा आकार त्या हद्दीतल्या एकूण नगरपालिका कराच्या २० टक्क्यांपलीकडे नेता येत नाही. संस्थेच्या मंडळावर बहुमत मालकांचे असते, पण भाडेकरूंना जागा द्यावी लागते आणि महापौर, शहराचा वित्त अधिकारी व नगर परिषद यांनी नेमलेले सदस्यही घ्यावे लागतात. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे क्षेत्राची कामे नगरपालिकेच्या कामांना जोड म्हणून असावीत, त्यांच्याऐवजी नव्हे.

कागदावर हे नेटके दिसते. त्याचे मोल कळायचे तर त्या राज्याच्या दक्षिण कडेच्या दोन गावांकडे पाहावे. एक कॉर्निंग, दुसरे त्यापासून तासाभराच्या अंतरावरचे इथाका.

कॉर्निंग हे जेमतेम साडेदहा हजार वस्तीचे गाव, पण त्याचे नाव जगभर काचेवर कोरलेले आहे. ब्रुकलिनमधला काचकारखाना १८६८ मध्ये इथे हलला. एडिसनच्या दिव्यांचे काचेचे फुगे इथे फुंकले गेले आणि १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी इथूनच बाजारात आली. नदीच्या दक्षिणेला मार्केट स्ट्रीट ही विटांच्या दुमजली-तिमजली इमारतींची पेठ. १९६०च्या दशकात तिची कळा गेलेलीच होती. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस चक्रीवादळाच्या पावसाने शेमंग नदी बांध ओलांडून गावात शिरली. माणसे दगावली, तळमजले चिखलाने भरले. काचेच्या प्रसिद्ध संग्रहालयातल्या सुमारे १३,००० वस्तूंपैकी ५२८ वस्तूंना इजा झाली. अशा वेळी सरकारी पैशातून सगळे पाडून नवे बांधायचे, हा त्या काळचा रूढ उपाय होता आणि अमेरिकेतल्या कितीतरी गावांनी याच उपायाने आपली पेठ कायमची गमावली.

मार्केट स्ट्रीटने तो उपाय नाकारला. १९७४ मध्ये मार्केट स्ट्रीट रिस्टोरेशन एजन्सी ही छोटी संस्था निघाली आणि नॉर्मन मिन्ट्झ या तरुण वास्तुरक्षकाला तिचा प्रमुख नेमले. त्याचे काम दिसायला अगदी साधे होते. दुकानदारांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आधुनिक दिसावे म्हणून विटांवर ठोकलेले पत्रे त्यांना उतरवायला लावायचे, रंग सुचवायचा, पाटी किती मोठी असावी हे फुकट आरेखून द्यायचे. हुकूम काढायचा अधिकार नव्हता. एकेका मालकाचे मन वळवायचे, एक इमारत उजळली की शेजारच्याला ती दाखवायची. काही वर्षांत रस्त्याचा चेहरा पुन्हा दिसू लागला. नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रमाचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्याच्या पूर्वसुरींत कॉर्निंगचे नाव घेतले गेले.

मात्र कॉर्निंगच्या कथेत एक गोष्ट विसरून चालणार नाही. या एजन्सीमागे काचकंपनीच्या प्रतिष्ठानचा पैसा होता. पुरानंतर कंपनीने गाव सोडले नाही, हे त्या पेठेचे भाग्य. दर गावाला असा दाता मिळत नाही, आणि मिळाला तरी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकेल याची हमी कोणी देत नाही. दात्याचा पैसा पेठ उभी करू शकतो. तिला रोज सांभाळण्यासाठी मात्र आटणार नाही असा झरा लागतो. म्हणूनच पुढे तिथेही बाजार सुधार क्षेत्र आले. काच फुंकणाऱ्या उस्तादाला तिकडे ‘गॅफर’ म्हणतात, त्यावरून आज ते गॅफर डिस्ट्रिक्ट या नावाने ओळखले जाते. डिसेंबरच्या आरंभी मार्केट स्ट्रीटवर गाड्या बंद करून भरणारा ‘स्पार्कल’ हा उत्सव, फुलांच्या कुंड्या, नव्या दुकानदाराला गाळा मिळवून देणे हे सगळे या क्षेत्राच्या संस्थेकडून होते. दानाने सुरू झालेले काम आकारावर स्थिरावले, हा त्या गावाचा खरा धडा आहे.

इथाकाने सुरुवात वेगळी केली. तिथे दाता नगरपालिकाच होती. कॉर्नेल विद्यापीठ डोंगरावर, गाव पायथ्याशी, वस्ती सुमारे ३० हजार. १९७४-७५ मध्ये शहराने स्टेट स्ट्रीटचा दोन चौकांएवढा भाग गाड्यांना बंद करून तिथे ‘कॉमन्स’ ही पादचारी पेठ बांधली. १९५९ मध्ये मिशिगनमधल्या कलामझूने पहिली अशी पेठ केल्यापासून देशभर हे पेव फुटले होते. सुमारे दोनशे गावांनी रस्ते बंद केले आणि त्यांतल्या बहुतेकांनी पुढे ते पुन्हा गाड्यांसाठी उघडले. कारण झाडे आणि बाक बसवले म्हणजे लोक आपोआप येतील, असे सगळ्यांना वाटले होते. इथाकात तर पेठ तयार होते ना होते तोच, १९७६ मध्ये, गावाबाहेर लॅन्सिंगला पिरॅमिड मॉल उघडला. कॉमन्स तगले खरे, पण दोन दशके धापा टाकत. फरशी होती, ती सांभाळणारे माणूस नव्हते. १९९७ मध्ये आसपासचे रस्ते धरून बाजार सुधार क्षेत्र झाले आणि ते चालवायला संस्था आली. तीच आजची डाउनटाउन इथाका अलायन्स.

ही संस्था काय करते? उत्तर ऐकायला कंटाळवाणे आहे आणि तेच तिचे श्रेय आहे. कचरा उचलणे, कुंड्यांना पाणी घालणे, रिकाम्या गाळ्यांची यादी ठेवणे, नवा धंदा काढू पाहणाऱ्याला परवान्यांच्या जंजाळातून हात धरून नेणे, वाहनतळाच्या दरावरून नगरपालिकेशी भांडणे, कुठल्याही दुकानात चालेल असे पेठेचे भेटकार्ड काढणे. उत्सवांचा हिशेबही असाच धोरणी असतो. शरद ऋतूतल्या सफरचंदाच्या जत्रेला लोक तसेही येतात. म्हणून इथाकाने मिरचीदार ‘चिली’च्या रस्सा-स्पर्धेला ऐन हिवाळ्यातला मुहूर्त दिला, जेव्हा बर्फात कोणी घराबाहेर पडत नाही आणि दुकानदाराला भाडे मात्र द्यावेच लागते. गर्दी असते तिथे आणखी गर्दी जमवण्यापेक्षा ओस महिन्यात पेठ जागी ठेवणे मोलाचे, हे रोज गल्ला मोजणाऱ्यांच्या सहवासात राहणाऱ्यालाच सुचते.

कसोटी आली ती २०१३ मध्ये. चाळीस वर्षांच्या वापराने झिजलेले कॉमन्स, खालच्या नळांसकट, पुन्हा बांधायचे ठरले. काम दोन वर्षे चालले. समोर खोदलेला खड्डा आणि कुंपण असताना छोट्या दुकानात कोण शिरणार? अशा वेळी दुकानांकडे जाण्याच्या वाटा खुल्या राहाव्यात म्हणून कंत्राटदाराच्या मागे लागणे, दुकाने चालू असल्याचे गावाला पुन्हा पुन्हा सांगणे, हे एकट्यादुकट्या दुकानदाराच्या आवाक्यातले नसते. २०१५ मध्ये कॉमन्स नव्याने खुले झाले. तोवर ज्या मॉलचा धसका होता त्याच्याच गळतीला सुरुवात झाली होती. तिथली मोठी दुकाने एकेक करून गेली. मालक एक असणे हे मॉलचे बळ असते, तसेच ते त्याचे मर्मही असते, कारण त्या मालकाचे गणित फसले की सगळेच संपते. शंभर मालकांची पेठ सहजासहजी जिंकत नाही, पण सहजासहजी मरतही नाही. तिला फक्त एकत्र खर्च करायची सवय लागावी लागते.

इथवर सगळे छान आहे. पण पैसा सक्तीने गोळा होऊ लागला की तो खर्च करण्याची सत्ताही तयार होते, आणि सत्ता कोणाची हा प्रश्न टाळता येत नाही. रस्ता सार्वजनिक आहे. त्यावर मालकाइतकाच हक्क भाडेकरूचा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्याचा, बाकावर बसून राहणाऱ्या बेघराचा आणि नुसता फिरायला आलेल्या म्हाताऱ्याचा. क्षेत्राच्या मंडळात बहुमत मात्र मालमत्तेच्या मालकांचे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाभोवतालच्या क्षेत्राबाबत हाच मुद्दा न्यायालयात गेला. एक माणूस एक मत या तत्त्वाचा इथे भंग होतो, असे तिथल्या रहिवाशाचे म्हणणे होते. १९९८ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ते फेटाळले. संस्थेचे अधिकार मर्यादित आहेत, ती शहराचे सरकार नव्हे, म्हणून पैसे देणाऱ्यांना जास्त मत असू शकते, असा तो निकाल. कायदेशीर अंगाने प्रश्न मिटला, नैतिक अंगाने मिटला असे आम्हाला वाटत नाही.

कारण त्याच वर्षी त्याच संस्थेविरुद्ध दुसरा एक निकाल लागला. ग्रँड सेंट्रलच्या संस्थेने बेघरांना ‘प्रशिक्षण’ म्हणून झाडलोट, पहारा अशी कामे दिली होती आणि अनेकांना तासाला डॉलरभर मोबदला दिला जात होता. हे काम आहे, प्रशिक्षण नव्हे, तेव्हा किमान वेतन द्यावेच लागेल, असे न्यायालयाने बजावले. तो निकाल देणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पेठ स्वच्छ करता करता माणसांनाच कचऱ्यासारखे बाजूला सारण्याचा मोह या व्यवस्थेत मुळातच आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

तो मोह टाळता येत नाही असे मात्र नाही. इथाकात शहर, काउंटी आणि डाउनटाउनची संस्था यांनी मिळून पेठेत फिरणारा समाजसेवक नेमण्याचा मार्ग काढला. पहारेकऱ्याने हाकलण्याऐवजी व्यसनात किंवा मनोविकारात सापडलेल्या माणसाशी बोलून त्याला उपचारापर्यंत, निवाऱ्यापर्यंत नेणे हे त्याचे काम. लहान शहरात हे जमण्यामागे एक कारण असे की तिथे दुकानदार त्या माणसाला नावाने ओळखत असतो. अर्थात समाजसेवक घरे बांधून देत नाही. घरांचा प्रश्न पेठेच्या संस्थेवर ढकलून नगरपालिकेने मोकळे होणे हा त्याच मोहाचा दुसरा प्रकार ठरेल.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. जादा आकार कागदोपत्री मालकावर असतो, पण करारात तो बहुधा भाडेकरूच्या माथी मारला जातो. म्हणजे पैसे देतो दुकानदार आणि मत देतो मालक. शिवाय पेठ सुधारली की भाडी वाढतात आणि जिच्या जोरावर पेठ सुधारली ती जुनी चांभारकाम, पुस्तके, शिवणकाम यांची दुकानेच आधी हलतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये त्या शहरातल्या क्षेत्रांचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की व्यावसायिक मालमत्तेची किंमत ठळकपणे वाढते ती कार्यालयांनी गजबजलेल्या मोठ्या क्षेत्रांत. छोट्या, किरकोळ दुकानांच्या क्षेत्रांत तसा परिणाम फारसा दिसत नाही. काहींनी यातून छोटी क्षेत्रे निरुपयोगी आहेत असा अर्थ काढला. आम्ही उलट काढतो. लहान शहराच्या पेठेचे यश जमिनीच्या भावात मोजूच नये. गाळे भरलेले आहेत का, संध्याकाळी सातनंतर माणसे दिसतात का, दहा वर्षांपूर्वीचे किती दुकानदार अजून तग धरून आहेत, ही मोजमापे धरावीत. भाव न वाढता हे साधत असेल तर दुकानदाराच्या दृष्टीने तो दोष नव्हे, फायदा आहे.

तिसरा धोका सगळ्यात चिवट. पेठ स्वतःचे पैसे काढते म्हटल्यावर नगरपालिका हळूच हात आखडते. दिवा दुरुस्त करायला ‘तुमची संस्था आहे ना’ असे उत्तर येऊ लागते. कायद्यातली ‘जोड म्हणून’ ही अट कागदावर राहते. यावर एकच उतारा आहे. क्षेत्र सुरू होण्याआधी नगरपालिका त्या रस्त्यावर काय काय आणि किती वेळा करते हे लिहून घ्यावे आणि दरवर्षी त्याचा ताळा जाहीर करावा. इंग्लंडच्या कायद्यात याहूनही मोलाची एक तरतूद आहे. तिथे कर भरणारा व्यावसायिक, म्हणजे बहुतेक वेळा भाडेकरू दुकानदारच, मत देतो. मतांची संख्या आणि मालमत्तेचे करपात्र मूल्य या दोन्हींत बहुमत लागते, आणि मुदत पाच वर्षांहून अधिक नसते. ती संपली की पुन्हा मतदान. काम आवडले नाही तर संस्था बरखास्त. स्वतःच्या अस्तित्वासाठी दर पाच वर्षांनी दुकानादुकानांत जावे लागणे, ही उत्तरदायित्वाची याहून चांगली तालीम आम्हाला माहीत नाही. न्यूयॉर्कच्या व्यवस्थेत मंडळावर भाडेकरूंना जागा आहे, इंग्लंडच्या व्यवस्थेत त्यांच्या हाती मत आहे. दोन्ही एकत्र यायला हवे.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण त्याच्या जवळपास जाणारा एक अनुभव आहे. मुंबईत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशनने १९९९ पासून कला महोत्सव भरवून पैसे उभे केले आणि त्यातून त्या परिसराची निगा घेतली. फोर्टातल्या बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोऱ्याचा जीर्णोद्धारही याच असोसिएशनच्या पुढाकाराने झाला. काम नामांकित, पण ते उत्सव आणि प्रायोजक यांवर उभे आहे, म्हणजे कॉर्निंगच्या पहिल्या टप्प्यावर. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता काही तास गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. लोक रस्त्याच्या मधोमध चालण्याचा आनंद घेतात, दुसऱ्या दिवशी रस्ता पुन्हा पूर्वीसारखा. फरशी घालून पाहण्याचा इथाकाचा जो आरंभ, त्याचीही ही एक दिवसाची झलक. पुढचा टप्पा गाठायचा झाला तर आपल्याला परक्या कायद्याची नक्कल चालणार नाही, कारण आपल्या पेठेत मालक आणि भाडेकरू यांच्याखेरीज तिसरा धंदेवाला आहे : पदपथावरचा विक्रेता. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. पेठेची कोणतीही नवी संस्था त्या समितीला वगळून झाली तर तिचा पहिला ठराव हातगाड्या हटवण्याचाच असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा त्या एका शनिवारी अमेरिकेतल्या पेठांत होणारी गर्दी पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही आणि नाक मुरडण्याचेही नाही. एका कार्ड कंपनीने दिलेला दिवस हा दात्याचा दिवस आहे. तो मिळाला तर घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. लहान शहराला आपली पेठ राखायची असेल तर तीन गोष्टी पुढील क्रमाने कराव्या लागतील. आधी नगरपालिकेकडून तिचे काम वसूल करायचे. मग उरलेल्या कामासाठी, कोणालाही सूट न देता, सगळ्यांवर बसणारा आणि त्याच रस्त्यावर खर्च होणारा आकार स्वीकारायचा. आणि तो आकार लावण्याचा, मोडण्याचा अधिकार मालकाइतकाच त्या रस्त्यावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ठेवायचा. पहिल्या दोन गोष्टी करून तिसरी टाळली तर पेठ चकचकीत होईल, पण ती गावाची राहणार नाही. तिसरीची घोषणा करून दुसरी टाळली तर पेठ गावाची राहील, पण ओस पडेल. यातली एकच निवडण्याची मुभा कुठल्याही लहान शहराला नाही.